४८ चे ४६ झाले तर पहिल्या ४७ वाल्याचं लग्न कुणाशी झालं?

बारावीची_आई:
मुलगी बारावी सायन्सला आहे, उत्क्रांतीचा धडा चालू आहे. काल जेवताना विचारते, चिंपांझीला ४८ क्रोमोझोम (गुणसूत्रं) आणि आपल्याला ४६, मग दोघांचा पूर्वज एकच कसा, एक अख्खी जोडी गेली कुठे? मी कॉमर्सवाली, वरण वाढत गप्प बसले. कुणी सोपं करून सांगेल का?

गुणसूत्रवाला:
जोडी गेली नाही ताई, दोन जोड्यांची एक झाली. चिंपांझीची दोन छोटी क्रोमोझोम टोकाला टोक लावून ठेवली की आपलं २ नंबरचं दिसतं, म्हणून त्यांना २ए आणि २बी म्हणतात. आता नुसतं दिसतं म्हणून कोण मानणार, तर क्रोमोझोमच्या टोकाला टेलोमिअर असतं, तिथे टीटीएजीजीजी ही अक्षरं परत परत येतात, आणि १९९१ मध्ये तीच आपल्या २ नंबरच्या पोटात सापडली, एका जागेपर्यंत सुलटी आणि तिथून पुढे उलटी, म्हणजे दोन टोकं समोरासमोर चिकटल्याची खूण. शिवाय सेंट्रोमिअर (पेशी विभागताना क्रोमोझोमला धरून ओढायची जागा) एकच चालू आहे पण दुसऱ्या मेलेल्याचे अवशेष अजून तिथेच पडलेत. गोरिला आणि ओरांगउटानलाही ४८ च, म्हणजे बदल आपल्याकडे झाला.
गंमत म्हणजे १९५६ पर्यंत पुस्तकात माणसालाही ४८ च लिहायचे, मोजणीच चुकली होती.

शंकासुर:
चिकटले असतील हो, पण ज्याच्यात पहिल्यांदा चिकटले त्याचे ४७ झाले ना? त्याला जोडीदार कुठून मिळाला? घोडा आणि गाढवाचं खेचर होतं, त्याला पिल्लं होत नाहीत.

लॅबवाली:
मी कॅरिओटायपिंगच (क्रोमोझोम मोजून तपासायचं काम) करते म्हणून लिहिते. ४५ क्रोमोझोमवाली धडधाकट माणसं आमच्याकडे येतात, हजारात साधारण एकाला असं जोडलेलं क्रोमोझोम असतं (जोडणीचा प्रकार २ नंबरपेक्षा वेगळा, पण मुद्दा तोच) आणि बऱ्याच जणांना ते कळतं कधी, तर बायकोचे वारंवार गर्भपात झाले आणि डॉक्टरांनी दोघांची टेस्ट करायला सांगितली तेव्हा. जीन्स सगळे जागेवर असतात, दोन वह्या एकत्र बाइंड केल्यासारखं. मुलं होतात, थोडी अडचण येते एवढंच. त्या ४७ वाल्याला ४८ वालीच मिळाली असणार, काही पोरं ४७ ची झाली, टोळी लहान, चार पिढ्यांनी दोन ४७ वाले एकत्र आले की ४६ चं मूल होऊ शकतं.
आणि खेचर कशाला, भेकर हरीण घ्या ना. भारतीय भेकराच्या मादीला फक्त ६ क्रोमोझोम आणि नराला ७, तर चीनमधल्या त्याच्या भावकीला ४६! तिथे एक नाही, ढीगभर जोडण्या झाल्यात.

शंकासुर:
भेकराचं खरंच माहीत नव्हतं. मग आपलं हे झालं कधी?

गुणसूत्रवाला:
नेमक्या काळावर वाद आहे. पण सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत डेनिसोव्हन या नामशेष मानवाच्या बोटाचं इवलंसं हाड मिळालं होतं, त्याचा पूर्ण जीनोम (सगळा डीएनए) २०१२ ला आला, त्यातही २ नंबरचं जोडलेलंच होतं. म्हणजे डेनिसोव्हन आणि आपण वेगळे व्हायच्या आधीच झालं.

बारावीची_आई:
सगळं वाचून दाखवलं. विचारतेय, भेकराचं बोर्डाच्या पेपरात लिहू का. म्हटलं आधी सरांना विचार बाई.