शाळेच्या गच्चीवर परसबाग करायचीय, निधी कुठून मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीत नगरपरिषदेच्या शाळेत शिकवते. आमची बरीचशी मुलं फ्लॅटमधली, पडवळाचा वेल मांडवावर कसा चढतो हे कित्येकांनी बघितलेलंच नाहीये. आवारात सगळा जांभा, वर माती जेमतेम वीतभर, म्हणून गच्चीवर ग्रो बॅगमध्ये पावसाळ्यात पडवळ, भेंडी आणि थंडीत लाल माठ, मुळा असं करायचं ठरवलंय, माती कमी आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त घातलं की स्लॅबवर फार वजन येत नाही.

पीएम पोषणमध्ये (शाळेतल्या जेवणाची सरकारी योजना) शाळेच्या परसबागेची सोय आहे हे माहितीये, पण मला नुसती भाजी नकोय हो, आठवड्याला एक तास नीट शिकवणारं माणूस हवंय आणि त्याचं मानधन कुठल्या हेडमधून काढायचं तिथेच घोडं अडलंय. बिया, बॅगा कोणीही देईल.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालच्या सीएसआरमध्ये (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) शिक्षण बसतं, तर लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे असा प्रस्ताव कोणी नेलाय का? अर्ज मुख्याध्यापकांनी करायचा की शाळा व्यवस्थापन समितीने? आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची मुलं कार्यानुभवासाठी गावात जातात, ती शहरातल्या शाळेत येऊ शकतील का, कोणाला विचारू?

मंजूर झालेल्या प्रस्तावाचा नमुना असेल तर प्लीज टाका, मृगाच्या आधी बॅगा भरून व्हायला हव्यात.