वॉर इन द पॅसिफिक: तीन कॅरिअर गेल्या, आता सावरायचं कसं? (मदत हवी आहे)

मंडळी,

'वॉर इन द पॅसिफिक: अ‍ॅडमिरल्स एडिशन' हा कॉम्प्युटरवरचा युद्धखेळ इथे कोणी खेळतं का? एक टर्न म्हणजे एक दिवस, आणि ईमेलवर फायलींची देवाणघेवाण, असा पूर्ण कॅम्पेन चालू आहे. दोस्त राष्ट्रं माझ्याकडे, जपान कॉलेजच्या एका मित्राकडे. 7 डिसेंबर 1941 पासून निघून आम्ही सप्टेंबर 1942 च्या तिसऱ्या आठवड्यात आलोय आणि माझी पार वाट लागली आहे.

न्यू कॅलेडोनियातलं नूमेआ त्याने ऑगस्टमध्येच घेतलं. मग फिजीतल्या सुवाच्या रोखाने त्याचा ताफा निघालेला माझ्या कॅटलिनांना (गस्ती विमानांना) दिसला, म्हणून मी फिजीच्या पश्चिमेला चार कॅरिअर (विमानवाहू नौका) नेल्या. समोर अख्खी किदो बुताई, म्हणजे जपानच्या मुख्य कॅरिअरांचा ताफा. लेक्सिंग्टन आणि यॉर्कटाउन पहिल्याच दिवशी गेल्या, हॉर्नेटची आग आटोक्यात आली नाही. एंटरप्राइज कशीबशी सामोआतल्या पागो पागोला पोचली; नुकसानीचे आकडे: सिस्टिम 38, फ्लोटेशन (आत शिरलेलं पाणी) 44, इंजिन 12. त्याची सोर्यू मात्र नक्की गेली. कागासुद्धा बुडाल्याचं अहवाल म्हणतो, पण फॉग ऑफ वॉर (शत्रूची खरी माहिती झाकणारी सोय) चालू ठेवलंय. या गेममध्ये 'बुडालेलं' जहाज दोन महिन्यांनी खुशाल समोर येऊन उभं राहतं. माझ्याकडे धड अशा दोनच उरल्या, साराटोगा आणि वास्प.

ज्याला विचारावं तो म्हणतो, थांब, एसेक्स (अमेरिकेची नवी कॅरिअर) येऊ दे. इतिहासात ऑक्टोबर 1942 मध्ये सांताक्रूझला हॉर्नेट गेल्यावर अमेरिकेचीही अशीच अवस्था झाली होती, हे मलाही ठाऊक आहे. पण तोवर मिडवेला जपानच्या चार कॅरिअर तळाला गेल्या होत्या. आमच्या खेळात मिडवे झालंच नाही! शिवाय एसेक्स पर्ल हार्बरला पोचली ती मे 1943 च्या अखेरीस. माझी मुदत त्याआधीच संपते. 1 जानेवारी 1943 पासून त्याचे गुण माझ्या चौपट झाले की खेळ आपोआप त्याच्या नावावर. आज तो 2.9 पटीवर आहे. जहाजं लपवून ठेवली तर तळ जातात आणि पट वाढते. तळ वाचवायला जहाजं काढली तर ती बुडवून तो गुण कमावतो.

तेव्हा विचारायचं असं, की सुवा सोडून पागो पागोच्या रेषेवर मागे यावं का? पोलिटिकल पॉइंट (राखीव तुकड्या सोडवून घ्यायला लागणारे गुण) 1,900 साठले आहेत. त्यातून पश्चिम किनाऱ्यावरची एक डिव्हिजन सोडवून सुवाला टाकू, की हा पैसा बुडीत खात्यात जाईल? एंटरप्राइज पाणी भरलेल्या अवस्थेतच पर्ल हार्बरला हलवू का? बर्माची चिंता तूर्त नाही, इम्फाळला तो फिरकलेला नाही.

आणि कृपा करून "राजीनामा दे, नवा डाव मांड" हा सल्ला नको. तो मित्रानेच देऊन झालाय.

प्रतिसाद १

एंटरप्राइज आहे तिथेच ठेवा. धक्क्याला लावून आधी फ्लोटेशन खाली येऊ द्या, मगच पर्ल हार्बर. 44 वर खुल्या समुद्रात काढलीत तर वाटेत पाणी वाढून जाईल आणि त्याला पाणबुडीसुद्धा खर्च करावी लागणार नाही.

पटीचं गणित उलट बाजूने बघा. चौपटीच्या उंबरठ्यावर तुमचा एक गुण त्याच्या चार गुणांना भारी पडतो. त्याचे गुण रोखण्यापेक्षा तुमचे वाढवणं स्वस्त आहे. तळ बांधून मोठा केला आणि रसद भरपूर ठेवली की त्या तळाचे तुम्हाला मिळणारे गुण वाढतात. मागचे तळ, जिथे तो पोचूच शकत नाही, तिथे इंजिनिअर कामाला लावा. कंटाळवाणं काम आहे, कोणी आवडीने करत नाही.

दुसरं, त्याच्या वैमानिकांचं काय झालं ते बघा. सांताक्रूझला जपानची एकही कॅरिअर बुडाली नाही, पण विमानांवरचे दीडशेच्या आसपास कसलेले लोक गेले, आणि धडधाकट असलेली झुइकाकुसुद्धा त्यापायी मायदेशी परतली. तुमच्या चार कॅरिअरच्या तोफांनी आणि वाइल्डकॅट लढाऊ विमानांनी काहीतरी वसूल केलंच असेल. किदो बुताई ट्रुकच्या जपानी तळावर परत गेली तर तेवढे आठवडे तुमचे.

प्रतिसाद २

पाणबुड्यांबद्दल कोणीच बोललं नाही. मार्क 14 टॉर्पेडो 1943 च्या उत्तरार्धापर्यंत रडतात; नव्या बोटी तेच वापरतात. जुन्या एस-बोटींवर (अमेरिकेच्या जुन्या पाणबुड्यांवर) मार्क 10 आहे, तो फुटतो. खऱ्या युद्धात एस-44 ने 10 ऑगस्ट 1942 ला काको ही जड क्रूझर त्याच टॉर्पेडोंनी बुडवली. डच बोटीही चांगल्या. डच बोटी पालेमबांगकडून येणाऱ्या टँकरांच्या वाटेवर लावा, एस-बोटी रबौलभोवती. टँकर गेला की त्याला नुसत्या गुणांपेक्षा जास्त लागतं.

सुवा सोडू नका असं माझं मत, पण डिव्हिजन आत्ता समुद्रावर काढू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. रिप्ले पुन्हा पाहिला, त्याच्या टॉर्पेडो विमानांचा खरंच चुराडा झालाय. एस-बोटी ब्रिस्बेनहून निघाल्या, डच बोटी पर्थहून निघतील. राहता राहिलं सुवा: विमानतळाची पातळी 4, रसद 18,000, दोन स्क्वाड्रन बी-17 बॉम्बर. ते तिथेच ठेवून नूमेआवर रोज बॉम्ब टाकू, की ते मागे घेऊन फक्त कॅटलिना आणि लढाऊ विमानं ठेवू?