व्हिममध्ये सेटिंगची फाइल तयार केली आणि आपोआप होणारे इंडेंटेशन बंद पडले

प्रश्न | कलमवाला, देवगड

नमस्कार. आमची हापूसची लहानशी बाग आहे. हंगामात वाशीच्या बाजारातून ज्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) येतात त्यांचा ताळा घेण्यासाठी मी गेल्या वर्षी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पेट्या, भाव, हमाली आणि टेंपोचे भाडे त्यात भरले, की हाती किती रक्कम पडायला हवी ते कळते. लॅपटॉप जुना आहे, त्यामुळे उबुंटू या प्रणालीवर व्हिम हा मजकूर-संपादक वापरतो.

आजवर ‘फॉर’ची (पुनरावृत्तीची, म्हणजे लूपची) ओळ कोलनने संपवून एंटर दाबले, की पुढची ओळ आपोआप चार जागा आत सरकत असे (हेच इंडेंटेशन) आणि त्यासाठी मी कधी काही केलेले नव्हते. गेल्या आठवड्यात ओळींचे क्रमांक दिसावेत म्हणून होम फोल्डरमध्ये ‘डॉट व्हिमआरसी’ ही व्हिमच्या सेटिंगची फाइल तयार केली. तीत ‘सेट नंबर’ आणि ‘सेट टॅबस्टॉप=४’ (एक टॅब चार जागा रुंद दिसावा म्हणून) एवढ्या दोनच ओळी आहेत. क्रमांक दिसू लागले खरे, पण तेव्हापासून एंटर दाबले की कर्सर थेट डाव्या कडेला जातो आणि प्रत्येक ओळीला हाताने टॅब मारावा लागतो. अशा नव्या ओळी पडद्यावर जुन्या ओळींच्या बरोबर खाली, एका रेषेत दिसतात. तरीही प्रोग्रॅम चालवला की ‘टॅबएरर’ येतो. ओळींचे क्रमांक मागितल्याने इंडेंटेशन का जावे, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ | खाडीकिनारी, मालवण

आपल्या दोन्ही ओळी निर्दोष आहेत; ती फाइल अस्तित्वात आली, हेच कारण आहे. २०१६ साली आलेल्या व्हिमच्या आठव्या आवृत्तीपासून असा नियम आहे, की वापरणाऱ्याची स्वतःची व्हिमआरसी नसेल तर व्हिम स्वतःबरोबर आलेली ‘डिफॉल्ट्स डॉट व्हिम’ ही फाइल वाचतो, आणि फाइलच्या प्रकारानुसार इंडेंट करण्याची सोय त्याच फाइलीत चालू केलेली असते. आपण स्वतःची फाइल तयार केलीत, तेव्हा ‘यांना आपले आपण ठरवायचे आहे’ असे समजून व्हिमने ती वाचणे सोडून दिले. हे वर्तन मला स्वतःला फारसे पटत नाही, पण मदतपुस्तिकेत ते स्पष्ट लिहिलेले आहे.

उपाय एका ओळीचा आहे. (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितो, टंकताना अर्थातच रोमन लिपी वापरावी.) व्हिमआरसीच्या आरंभी ‘फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन’ असे लिहा. यातल्या ‘इंडेंट’मुळे कोलननंतरची ओळ आत सरकते, तर ‘प्लगइन’मुळे पायथनच्या फाइलीत ‘एक्सपांडटॅब’ आणि ‘शिफ्टविड्थ=४’ लागू होऊन टॅबच्या कळीने चार स्पेस उमटतात. २००१ साली लिहिलेल्या पेप ८ या पायथनच्या शैलीपत्रकातही चार स्पेसच सांगितल्या आहेत.

पुष्कळ जण अशा वेळी ‘सेट स्मार्टइंडेंट’ लिहायला सांगतात, ते मात्र करू नका. ती सोय सी भाषेच्या वळणाची आहे आणि पायथनमध्ये ओळीच्या आरंभी हॅश टंकला, की ती टिप्पणी उचलून डाव्या कडेला नेऊन ठेवते.

उत्तर २ | घाटमाथा, चिपळूण

वरचे निदान बरोबर आहे, परंतु त्यात एक खाचखळगा राहून गेला आहे. नवी ओळ लिहून आपण जुनी फाइल उघडाल, तेव्हा टॅब मारलेल्या ओळी एकाएकी उजवीकडे सरकलेल्या दिसतील, कारण व्हिमचे पायथन प्लगइन त्या फाइलीपुरता टॅबस्टॉप पुन्हा ८ करते. आतापर्यंत आपल्या ‘टॅबस्टॉप=४’ने एक टॅब चार स्पेसइतका रुंद दाखवून दोघांमधला फरक झाकून ठेवला होता. डोळ्यांना सारखे दिसणारे पायथन ३ ला सारखे नसते. एका टॅबची रुंदी किती मानायची यावर अर्थ बदलत असेल, तर ते ‘टॅबएरर’ देऊन प्रोग्रॅम चालवायलाच नकार देते.

‘सेट लिस्ट’ ही आज्ञा दिली, की प्रत्येक टॅबच्या जागी टोपीचे चिन्ह आणि कॅपिटल आय दिसतो. त्यानंतर फाइल उघडी असतानाच आधी ‘सेट टॅबस्टॉप=४’ आणि मग ‘रीटॅब’ (टॅबच्या जागी स्पेस घालणारी) या आज्ञा द्याव्यात. हा क्रम चुकवला तर एका टॅबच्या आठ स्पेस होतील आणि आजच्यापेक्षा मोठा घोळ होईल. टॅबस्टॉप कोणी बदलला याची शंका आली, तर ‘व्हर्बोज सेट टॅबस्टॉप’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह द्यावे; कोणत्या फाइलीने तो शेवटचा बदलला ते व्हिम सांगतो.

सगळी फाइल एकदम सरळ करणारी ‘जीजी=जी’ ही आज्ञा सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये उपयोगाची आहे. पायथनमध्ये तिच्यावर विसंबू नये, कारण तेथे गट कोठे संपतो हे सांगणारा महिरपी कंस नसतो.

कलमवाला, देवगड

दोघांचे मनःपूर्वक आभार. ‘सेट लिस्ट’ केल्यावर गेल्या आठवड्यातल्या अकरा ओळी टॅबच्या निघाल्या आणि रीटॅब केल्यावर ‘टॅबएरर’ गेला. पण पुढे गंमत झाली, चाळीस पेट्यांच्या पट्टीची बेरीज उणे आली! पाहिले तर टेंपोच्या भाड्याच्या ओळीला मी हाताने एक टॅब जास्त मारला होता, त्यामुळे ती लूपच्या आत जाऊन भाडे एकदा वजा होण्याऐवजी दर पेटीला वजा होत होते. ओळ चार जागा मागे घेतली आणि हिशेब जुळला.

आता एकच प्रश्न उरला. मुंबईचा माझा भाचा हीच फाइल व्हीएस कोड या दुसऱ्या संपादकात उघडतो. त्याच्याकडून पुन्हा टॅब येऊ नयेत म्हणून काय करावे?

खाडीकिनारी, मालवण

प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ‘डॉट एडिटरकॉन्फिग’ नावाची, निरनिराळ्या संपादकांना एकच सेटिंग सांगणारी फाइल ठेवा. पहिल्या ओळीत ‘रूट = ट्रू’ लिहा, त्याखाली चौकटी कंसात पायथन फाइलींसाठी तारा, टिंब आणि पीवाय, आणि त्याखाली ‘इंडेंट_स्टाइल = स्पेस’ व ‘इंडेंट_साइझ = ४’. व्हीएस कोडला ही फाइल वाचण्यासाठी एडिटरकॉन्फिगचे एक्स्टेन्शन लागते, ते भाच्याला घालायला सांगा. व्हिम ९.१ मध्ये तशी सोय बरोबरच येते, पण व्हिमआरसीत ‘पॅकअ‍ॅड एडिटरकॉन्फिग’ लिहून ती जागी करावी लागते. पुढे कधी मेकफाइल (‘मेक’ या साधनासाठीची आज्ञांची फाइल) लिहिलीत, तर तिच्यासाठी वेगळा विभाग करून ‘इंडेंट_स्टाइल = टॅब’ ठेवा; मेकला आज्ञेच्या ओळीआधी खरा टॅबच लागतो आणि तेथे स्पेस चालत नाहीत.