मदत हवी आहे: 'नो'च्या पुढे एकवचन की अनेकवचन?

मुलगी आठवीत, मराठी माध्यम. परवा घटक चाचणीचा पेपर घरी आला. 'मला भाऊ नाही'चं भाषांतर तिनं 'आय हॅव नो ब्रदर' असं केलेलं. बाईंनी लाल पेनानं शेवटी 'एस' डकवला आणि अर्धा मार्क कापला. पोरगी मलाच धरून बसली, "पप्पा, जो भाऊ नाहीच, तो अनेक कसा?" मी सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या अडत दुकानात हिशेब लिहितो, शून्याचं अनेकवचन करायची वेळ कधी आली नाही. त्यात खालच्याच ओळीत 'घराला गच्ची नाही'ला 'नो टेरेस' बरोबर दिलंय! आणि 'एनी' आलं की काय करायचं? मार्कांसाठी भांडायचं नाही, तिला समजावायचंय.

प्रतिसाद (निवृत्त मास्तर, मिरज):
'नो'ला दोन्ही चालतं. नसलेली गोष्ट असती तर किती असती, ते बघा. गच्ची असलीच तर एक, म्हणून 'नो टेरेस'. नवऱ्याचंही तेच. मित्र असले तर चार-पाच असतात, म्हणून 'नो फ्रेंड्स'. ऑगस्टात यार्डात 'देअर आर नो ग्रेप्स'. हळद मात्र नगावर मोजत नाहीत, तिथं 'देअर इज नो टर्मरिक'. भाऊ एकही असतो, चारही असतात. 'नो ब्रदर्स' जास्त कानावर पडतं, पण 'नो ब्रदर' चूक नव्हे. अर्धा मार्क कापणं मला तरी कडक वाटलं.

'एनी'पुढे मोजता येणारं नाम सहसा अनेकवचनी: 'आय डोन्ट हॅव एनी ब्रदर्स'. एकाचीच अपेक्षा असेल तर 'अ': 'वी डोन्ट हॅव अ टेरेस'. 'नॉट अ सिंगल' आलं की एकवचनच.

खरी गोम मराठीत आहे. आपला 'भाऊ' एक असो की दहा, भाऊच. फरक दिसतो तो 'नाही' आणि 'नाहीत'मध्ये. पेपरात 'नाही' होतं, पोरीनं ते इमानानं उतरवलं. आणि शून्याचं म्हणाल तर इंग्रजीत 'झीरो डिग्रीज' म्हणतात, एस लावून!

धागाकर्ता:
आभारी आहे, सर. तिला वाचून दाखवलं, पटलं. पण आता विचारतेय, आपल्या घरात कात्री एकच, मग ती सापडेना झाली तरी 'नो सिझर्स' का?