स्कीचे हातमोजे: एकच जोडी पुरेल का?

प्रश्न: उणे १५ अंशांत माझी बोटं बधिर होतात, आणि वसंतातल्या ओल्या बर्फात तेच हातमोजे घामाने चिंब! मी स्नोबोर्ड चालवते, वळताना हात सारखा बर्फाला टेकतो. काय घेऊ?

उत्तर: दोन जोड्याच घ्या. कडाक्याच्या थंडीला मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकाच कप्प्यात असलेले हातमोजे. चार बोटं एकत्र राहिली की एकमेकांना ऊब देतात. आत लोकरीचे पातळ हातमोजे वेगळे घाला, रात्री काढून वाळवता येतात.

दुसरं उत्तर: वसंतात बिनअस्तराचे चामडी हातमोजे. बर्फाला घासूनही टिकतात. मेण मात्र लावत राहा, आणि हीटरवर वाळवू नका, माझी जोडी तशीच तडकली.

प्रश्नकर्ती: माप घट्ट घेऊ का?

उत्तर: अजिबात नको! बोटं आवळली की रक्त पोचत नाही. मनगटाचं गार्ड घालूनच मापून बघा.