विषय: वेबसाइटचा डेटाबेस दिसत नाहीये

मंडळी, नमस्कार.
मंडळाच्या वेबसाइटवर 'कॅनॉट सिलेक्ट डेटाबेस' येतंय. वेबसाइटच्याच युजरने पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस बघायच्या साधनात) गेले, तर डावीकडे फक्त 'इन्फर्मेशन_स्कीमा' दिसतंय. सभासदांची सगळी यादी त्या डेटाबेसमध्ये आहे. वर्डप्रेस नव्याने टाकू का?
– सचिव

ताई, कृपा करून आत्ता काहीही नव्याने टाकू नका. हा संदेश आला म्हणजे युजर आणि पासवर्ड बरोबर आहेत. मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम) प्रत्येक युजरला त्याच्या परवानगीपुरतेच डेटाबेस दाखवतं. परवानगी निघाली असेल, तर डेटाबेसच्या यादीत मायएसक्यूएलचं स्वतःचं 'इन्फर्मेशन_स्कीमा' सोडून काही दिसत नाही आणि डेटा जागच्या जागी असतो.

'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या वर्डप्रेसच्या सेटिंग्जच्या फाइलमधलं 'डीबी_नेम' (डेटाबेसचं नाव) जसंच्या तसं उचला आणि एसक्यूएलच्या टॅबमध्ये 'यूज' लिहून त्यापुढे टाका. 1044 हा एरर क्रमांक आला तर परवानगी नाही किंवा नाव चुकलंय. परवानगीची तपासणी आधी होते, त्यामुळे अस्तित्वात नसलेल्या नावालाही 1044च येतो. लिनक्सवर नावातलं लहान-मोठं अक्षरही वेगळं धरलं जातं, आणि सीपॅनेल (होस्टिंगचं नियंत्रण-पान) नावाआधी खात्याचं नाव आणि अंडरस्कोर जोडतं. तो भाग गळला नाही ना, ते बघा. 1049 आला तर काळजीचं आहे: डेटाबेस उडाला तरी मायएसक्यूएल त्याच्या परवानग्या आपणहून काढत नाही, म्हणून परवानगी शिल्लक आणि डेटाबेस गेलेला, असं होऊ शकतं.

मग सीपॅनेलमध्ये 'मायएसक्यूएल डेटाबेसेस' उघडा. तिथे संपूर्ण खात्याची यादी असते. नाव सापडलं तर 'अ‍ॅड युजर टू डेटाबेस' करून 'ऑल प्रिव्हिलेजेस' द्या. काम झालं.

दादा, 1049 आला. सीपॅनेलच्या यादीतही नाही.
– सचिव

मग आजच होस्टिंगवाल्यांना तिकीट टाका आणि डेटाबेस शेवटचा चालू होता त्या तारखेचा बॅकअप मागा. जुन्या प्रती ठरावीक काळाने पुसल्या जातात, त्यामुळे उशीर नको.

फाइल आली की त्याच नावाचा रिकामा डेटाबेस सीपॅनेलमधूनच करा (खात्याचं नाव ते स्वतः जोडतं, फक्त पुढचा भाग लिहा) आणि युजर जोडा. फाइलमध्ये वरती 'क्रिएट डेटाबेस' आणि 'यूज' या ओळी असतील तर काढा. शेअर्ड होस्टिंगवर इम्पोर्ट तिथेच अडकतं. इम्पोर्ट करताना फाइलचं खरं एन्कोडिंग निवडा, बहुधा यूटीएफ-8 असेल. ते चुकलं की देवनागरी नावांची अगम्य चिन्हं होतात.

त्यानंतर वेबसाइट उघडल्यावर इन्स्टॉलचं पान आलं तर ते भरू नका. टेबलांच्या नावांचा आरंभ 'टेबल_प्रीफिक्स'शी जुळत नाहीये, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमधलं प्रीफिक्स दुरुस्त करा.