फुटपाथवरच्या कुटुंबाला भाड्याच्या खोलीसाठी महापालिकेकडून काही मिळतं का?

मृण्मयी_दादर
नमस्कार मंडळी, आमच्या इथे पुलाखाली एक कुटुंब राहतं, नवरा नाका कामगार, बायको गजरे विकते, तीन पोरं, मोठा नववीत आहे. दोघंही कमावतात, महिन्याचं पाच-सहा हजार भाडं कसंबसं ओढू म्हणतात पण डिपॉझिट आणि एजंटचे पैसे एकदम कुठून आणणार, तिथेच गाडी अडते. मुंबई पालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर, मग त्यात अशा लोकांना खोली मिळवून द्यायला एखादी स्कीम असेलच ना? पीएम आवासमध्ये बसतील का? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

नाकाबंदी
ताई, मी निवाऱ्याच्या कामात आहे म्हणून सांगतो, पैसा आहे पण तो खाटेसाठी आहे, खोलीसाठी नाही. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ५ लाखांवरच्या शहरात दर लाख लोकांमागे एक चोवीस तास चालणारा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे व्हायला हवे होते, आहेत त्याच्या जवळपासही नाही. आणि त्याच जनगणनेत मुंबईत बेघर ५७ हजारांच्या वर, तेही एका रात्रीत मोजलेले, त्यामुळे खरा आकडा तुम्हीच ओळखा. एनयूएलएम म्हणजे शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या उपजीविका मिशनमधून केंद्र-राज्याचा पैसा बांधकामाला आणि पाच वर्षं चालवायला मिळायचा, माणशी ५० चौरस फूट असा हिशोब. ते मिशनही सप्टेंबर २०२४ ला संपलं.
आता तुमचं कुटुंब. नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको पोरांना घेऊन बायकांच्या, आणि नववीतला मुलगा तिथे सहसा घेत नाहीत. फॅमिली निवारे अगदी मोजके. म्हणून लोक पुलाखाली राहतात पण एकत्र राहतात, आणि मग साहेब लोक म्हणतात "यांना निवाऱ्यात यायचंच नसतं"! डिपॉझिटसाठी वेगळं हेड माझ्या तरी बघण्यात नाही.

ठाणेकर_७२
टॅक्स आम्ही भरायचा, होमलोन आम्ही फेडायचं आणि डिपॉझिट यांचं भरायचं. फुकट घर दिलं की विकून परत फुटपाथवर येतात, हे काय आम्हाला माहीत नाही का.

कोल्हीण
@ठाणेकर काका, फुकट कोणी मागितलंय? भाडं भरतो म्हणतायत ते, वाचा तरी नीट. आणि भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांचं ऐकलंय का कधी? फुटपाथवरच्यांना हटवण्यावरून सुप्रीम कोर्टात गाजलेल्या १९८५ च्या ओल्गा टेलिस केसच्या काळात त्या महिला मिलन या स्वतःच्या संघटनेत एकत्र आल्या, रोजची चिल्लर साठवली, स्वतःची मोजणी स्वतः केली, पुढे त्यातल्या बऱ्याच जणी मानखुर्दला मिलन नगरात पक्क्या घरात गेल्या. वर्षं लागली पण, ते खरंय.
मृण्मयी, एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचं म्हणशील तर फुकट घराला १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा लागतो, पुलाखाली कसला पुरावा. पीएम आवासच्या बऱ्याच घरांना पण शेवटी स्वतःचा हप्ता भरायचाच असतो, भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट त्यातून नाही मिळत.

थेम्सकाठी
लंडनहून लिहितोय. इथे बेघर होण्यापासून वाचवायला २०१७ चा कायदा आहे, लागू २०१८ पासून, घर जाणार असं दिसलं की ५६ दिवस आधीपासून कौन्सिलने हात द्यायचा. सरकारकडून त्यासाठी वेगळी ग्रँट येते, त्यातून बऱ्याच कौन्सिल प्रायव्हेट खोलीचं डिपॉझिट नाहीतर पहिलं भाडं भरतात, कारण हॉटेलात ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. म्हणजे इथे सगळं गोडगोड आहे असं समजू नका हं, इंग्लंडमध्ये लाखाच्या वर कुटुंबं टेम्पररी जागेत अडकलीत आणि त्या खर्चाने कौन्सिलांचं कंबरडं मोडलंय. पण घर जायच्या आधीच पैसा घाला, ही कल्पना मुंबईत उलट जास्त चालेल असं वाटतं, दोन महिन्यांचं डिपॉझिट पालिकेने थेट मालकाच्या नावावर ठेवायचं, खोली सोडली की परत घ्यायचं. फुकटचं काहीच नाही त्यात काका.

ठाणेकर_७२
परत मिळणार असेल तर माझं काही म्हणणं नाही. मालक तयार होतील का ते बघा आधी, आधार नि अ‍ॅग्रीमेंट नसेल तर कोण ठेवतंय.

नाकाबंदी
हा मुद्दा बरोबर. म्हणून आधी कागद. मतदार नोंदणीच्या फॉर्म ६ ला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही, बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री जाऊन तो तिथेच झोपतो का ते बघायचं असा निवडणूक आयोगाचाच नियम आहे. ऑफिसात "पुरावा आणा" म्हटलं तर हा नियम दाखवा. नाव लागलं की पुढचे कागद सोपे जातात. पोरांच्या शाळेचे दाखले पण सांभाळून ठेवायला सांगा, प्लास्टिकच्या पिशवीत, तुमच्या घरी ठेवलेत तर अजून बरं.

मृण्मयी_दादर
थँक्यू सगळ्यांना. दाखले आणि आधारच्या झेरॉक्स माझ्याकडेच ठेवते आता. नाकाबंदी दादा, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, फॅमिली निवारा कुठे आहे तेवढं कळवा, पाऊस तोंडावर आलाय. आणि ते मालकाच्या नावावर डिपॉझिटचं पत्र वॉर्डात द्यायचं म्हणतेय, ड्राफ्ट इथे टाकते, कोणी सह्या करणार का?

कोल्हीण
माझी धर.